पाच फ्रेम डावीकडे

साखर पेठेत, बंद पडलेल्या मागांच्या शेडवर
आमची डबिंगची खोली.
भिंतींना चादरी ठोकल्यात, आवाज पितात म्हणून.
सेकंडचा माल, वजनावर घेतलेला,
काही मोर उलटे टांगले गेलेत.
एप्रिलात माइक चालू असला की पंखा बंद,
मोरांनासुद्धा घाम येतो.

तेलुगू मालिका मराठीत आणायची, एकशे चार भाग.
पहिल्याच भागावर हैदराबादहून निरोप:
ओठ मिटतात, मग शब्द येतो.
नवरा दार आपटून जातो
आणि त्याचं "येतो" जिन्यात एकटंच उभं राहतं.

दोष कलाकारांचा नाही
हे कळायला मला तीन रात्री लागल्या.
मग हेडफोन माइकच्या तोंडाला बांधला
चादरीच्या काठाची चिंधी घेऊन,
आणि मशीनमधून मशीनमध्येच
एक टाळी सोडली.
पडद्यावर दोन टेकड्या: गेलेली टाळी, आलेली टाळी.
मधलं अंतर दोनशे मिलिसेकंद.
पाच फ्रेम.
पुन्हा सोडली. पाच.
कडक भाकरी मोडून, शेंगाचटणी खाऊन आलो, पुन्हा सोडली.
पाचच.
बरं वाटलं.
वाढत जाणारा उशीर माणसाला खातो,
ठरलेला उशीर म्हणजे नुसता हिशेब.

सगळे ट्रॅक निवडले,
पाच फ्रेम डावीकडे ओढले.
रागिणी कुरापाटीची सून जागेवर बसली.
गुरुनाथ दोंताचा वकील बसला.
म्हेत्रेमास्तरांचा सासरा
खोकलासुद्धा ओठ उघडल्यावर खोकला.

फक्त राजूबाई मंगलपल्ली
आता तोंड उघडायच्या आधीच बोलत होत्या.

ह्या बाईंचं पहिल्या दिवसापासूनच वेगळं.
आवाज असा की सुई लाल काट्याला टेकायची,
हात दोन फूट मागं सरकवला तरी तेच.
तेव्हा मी काचेमागून, बटण न दाबता,
प्रभाकरला म्हणालो होतो,
"उद्यापासून दुसरं कुणी बघ."
दुसरं कुणी मिळालं नाही.

आता मोजलं. तीन फ्रेम आधी.
प्रत्येक वाक्य, नेमानं, तीनच.
टाळी पुन्हा बांधली, वायर बदलली,
मशीनला शिव्या घातल्या.
मग एक दिवस मशीन सोडून
बाईंकडे बघितलं.

हेडफोन गळ्यात.
"कानाला लावा की, बाई."
"गरम होतंय."
"मग कुठं बोलायचं ते कळतं कसं?"
"तिच्या तोंडाकडं बघते की.
तीस वर्षं कांड्या भरल्या.
चाळीस माग चालू असल्यावर ऐकायलंय कोण?
मुकादम शिव्या द्यायलाय का चहाला बोलवायलाय,
सगळं तोंडावरनंच."

तीन फ्रेम लागतात आवाजाला
मशीनमधून कानापर्यंत यायला,
दोन परत आत जायला.
बाकीचे सगळे ते तीन फ्रेम थांबत होते,
कानावर विश्वास ठेवून.
बाई थांबल्याच नव्हत्या.
त्यांना न झालेला उशीर
मी दुरुस्त करून ठेवला होता.

त्यांचा ट्रॅक तीन फ्रेम उजवीकडे परत नेला.
पडद्यावरच्या सासूनं ओठ उघडले
आणि शब्द त्याच ओठांतून निघाला,
इतका तिचा की प्रभाकर चहा घेऊन दारातच थांबला.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.
काच.
पहिला दिवस.
न दाबलेलं बटण.

बाई पलीकडं स्टुलावर,
डोळ्यांवरून पदर फिरवत, पुढच्या रिळाची वाट बघत.
एकवीस भाग झाले, एक शब्द काढला नाही त्यांनी.
मी बटणाकडे हात नेला, मग मागं घेतला.
तसंच म्हणालो, आवाज न करता, सावकाश,
"चुकलं माझं."

त्यांनी हेडफोन गळ्यात नीट केला.
माइकमध्ये, सुई लाल काट्यावर आपटवत, म्हणाल्या,
"मिशी कापा जरा.
वरचा ओठ दिसत नाही.
लावा पुढचं."